गावच्या शिलाफलकांवर आकडे आहेत, नावे हवीत

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या सातारा जिल्ह्यातल्या काही गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत बसवलेली छोटी संगमरवरी पाटी अजून दिसते. पहिल्या महायुद्धात या गावातून किती माणसे गेली आणि त्यांतली किती कामी आली, एवढेच तिच्यावर कोरलेले असते. नाव एकाचेही नसते. ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले. हा आकडा भाषणांतून, बातम्यांतून दरवर्षी येतो. पण त्या ४६ जणांची नावे गावाबाहेर कोणाला ठाऊक आहेत?

ही माणसे गेली कुठे, हेसुद्धा आपण पोरांना सांगत नाही. त्यांतली बरीचशी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. तिथे लढलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा इथे तुर्कांचा वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने हैराण झालेल्या फौजेने शस्त्रे ठेवली. त्यानंतर उन्हातान्हातून वाळवंट तुडवत कैदेत जाताना आणि कैदेत किती जण दगावले, त्याच्या कहाण्या घराघरांत होत्या. त्या सांगणाऱ्या म्हाताऱ्या गेल्या, तशा कहाण्याही गेल्या.

बसऱ्याला त्या मोहिमेत मेलेल्या, पण ज्यांच्या कबरीचा किंवा चितेचा पत्ता नाही अशा ४० हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक आहे. गोऱ्या शिपायाचे तिथे नाव कोरले गेले. हिंदी शिपायाच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली फक्त संख्या आली. हिंदी फौजेत नाव कोरले ते अधिकाऱ्यांचेच. युद्धस्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने या भेदभावाची कबुली देऊन माफी मागितली ती एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी. त्यांनी नावे गाळली याचा राग येतोच. पण आपल्या गावच्या पाटीवर नावे लिहायला आपल्याला गेल्या पाऊणशे वर्षांत कोणी अडवले होते?

‘ते इंग्रजांसाठी लढले, त्यांचे कसले स्मरण?’ असे एका सभेत एक तरुण मला म्हणाला. त्याला मी सांगितले ते इथेही लिहिते. माण-खटावच्या कोरड्या रानात पाऊस दगा द्यायचा, सावकार दाराशी बसायचा, आणि घरातला थोरला पलटणीत नाव घालायचा. त्याने पाठवलेल्या पगारावर धाकट्यांची लग्ने झाली, विहिरी खणल्या गेल्या. राज्य कोणाचे असावे, हे त्याला कोणी विचारले नव्हते. १९१७ मध्ये उभारलेली १११ महार ही पलटण तर युद्ध संपल्यावर काही वर्षांतच मोडली, आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत त्या घरांतल्या मुलांना फौजेची दारे जवळजवळ बंदच होती. नावे लिहायची तर अख्ख्या गावाची लिहा, एका आळीची नकोत.

दुसऱ्या महायुद्धातले नाईक यशवंत घाडगे रायगडच्या माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले जवळजवळ सगळे पडले, तेव्हा ते एकटे मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले. काडतुसांची पेटी बदलायला सवड नव्हती म्हणून बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने लढले, आणि तिथेच शत्रूच्या गोळ्यांनी पडले. वय अवघे बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. २०२३ मध्ये तिकडे मोंटोने गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक झाले. इटलीतले एक छोटे गाव हे करते, त्याचे मला फार अप्रूप वाटते.

आता हयात असलेल्यांविषयी. गावात त्यांना सगळे ‘मेजर’ म्हणतात, हुद्दा कोणताही असो. १९७१ ला लढलेला सर्वांत कोवळा जवानही आज सत्तरी ओलांडून गेला आहे. पंधरा ऑगस्टला त्यांना शाल-श्रीफळ मिळते, फोटो निघतो, पाहुण्यांचे भाषण होते. लढाईत काय झाले, हे मात्र कोणी विचारत नाही.

मी शिक्षिका असताना आमच्या आळीतल्या सुभेदार आबांना वर्गात घेऊन गेले होते. ते काळी पत्र्याची ट्रंक घेऊन आले. तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर, आत नॅप्थलिनच्या वासात १९७१ च्या युद्धाची पदके: पूर्वी स्टार, संग्राम मेडल. सुरुवातीला ते सावधान उभे राहून तारखाच सांगत होते. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “आबा, तुम्ही खायचा काय?” आबा खुर्चीत बसले. खिशातले शकरपारे, रात्री भाताच्या खाचरांतून चालताना चिखलात रुतलेला बूट, काढायला थांबायची सोय नाही, पुढच्याच्या पाठीवर नजर. शेजारी चालणारा मित्र सकाळी नव्हता. त्याचे आडनाव, गाव, त्याच्या आईचे नाव आबांनी न अडखळता सांगितले. त्या मित्राच्या गावी आज ते किती जणांना माहीत असेल?

पंजाबातल्या पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या गावनिहाय नोंदी लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. २०२१ मध्ये त्या लोकांसमोर येऊ लागल्या, आणि पंजाबी माणसे परदेशात बसून आपल्या खापरपणजोबांचे नाव शोधू लागली. आपल्याकडेही असे काम होऊ शकते, आणि सरकारी निधीची वाट न बघता. दर नोव्हेंबरात माजी सैनिक आणि वीरपत्नी हयातीच्या दाखल्याच्या धावपळीत असतात. त्याच महिन्यात नववीच्या मुलांनी दोघादोघांनी त्यांच्या घरी जावे, दाखल्याचे मोबाइलवरचे काम करून द्यावे आणि बसून ऐकून, लिहून घ्यावे. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला ते गावात वाचले जावे. निधीचा डबा फिरवण्यापलीकडे त्या दिवसाला काही अर्थ येईल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने आपल्याकडच्या नोंदी गावनिहाय करून ग्रामपंचायतींना द्याव्यात. जुन्या पाटीला हात लावू नये, तिच्याशेजारी नवी बसवावी: नाव, वडिलांचे नाव, पलटण, कुठे लढले, कुठे कामी आले. आईचे आणि पत्नीचे नावही त्याच ओळीत हवे, कारण पुढची चाळीस वर्षे ते घर त्यांनीच ओढले.

माझ्या गावच्या ग्रामपंचायतीकडे मी तसा अर्ज दिला आहे. आपल्या दैनिकाने आठवड्यातून एक चौकट यासाठी द्यावी, ही विनंती. वाचकांच्या ट्रंकांत जुनी पेबुके (फौजेतली पगाराची पुस्तके), पलटणीतून आलेली पत्रे, पदके असतील. त्यांचे फोटो मागवा, एकेका गावाची नावे छापत जा. सुरुवात अपशिंग्यापासून करता येईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा