कलमाखालचा खुंट

मुलुंड (पूर्व), मुंबई

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

कर्जतच्या जागेत कागदी लिंबू आणि थोडी मोसंबी लावायचं ठरवलंस, वाचून फार आनंद झाला. जातींबद्दल तू बारकाईने विचारलं आहेस, पण खुंटाबद्दल, म्हणजे ज्या मुळांच्या रोपावर कलम बांधतात त्याबद्दल, पत्रात एक ओळही नाही. नर्सरीत गेलास की आधी विचार, "डोळा कशावर भरलाय?" डोळा म्हणजे खुंटाच्या सालीत बसवलेला हव्या त्या जातीचा अंकुर. फळ त्याचं असलं तरी पाणी, क्षार आणि बुरशी सोसायची असते ती खालच्या मुळांना. चुकीचा खुंट चार-पाच वर्षांनी, झाड फळावर आलं की कळतो.

बहुतेक ठिकाणी तुला जंबेरी, म्हणजे खरबरीत सालीच्या एका लिंबाचा खुंट, दाखवतील. तिचं बी भरपूर मिळतं, रोप झपाट्याने वाढतं, म्हणून नर्सरीला ती सोयीची. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत ती चांगलीच चालते, लिंबूवर्गीय झाडं वाळवणारा ट्रिस्टेझा विषाणूही सोसते. पण फायटोप्थोरा बुरशीपुढे तिचा टिकाव लागत नाही. कर्जतच्या पावसात मुळांशी पाणी तुंबलं की तंतुमुळं कुजतात. असं मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल बोटांत येते आणि आत नुसता दोरा उरतो. मग बुंध्यावर डिंक ओघळतो (हाच डिंक्या रोग), पानं पिवळी पडतात आणि एकेक फांदी वाळत जाते. शिवाय जंबेरीवरच्या मोसंबीची साल जाड आणि गोडी कमी. तुझ्या जागेसाठी जंबेरी नकोच.

त्याऐवजी रंगपूर लाईमचा खुंट घे. डिंक्याला ती अजिबात दाद देत नाही असं नाही, पण जंबेरीपेक्षा बरीच टिकते. ट्रिस्टेझा सोसते आणि एप्रिल-मेमध्ये विहीर आटली तर पाण्याचा ताणही सहन करते. तिला त्रास होतो तो एक्झोकॉर्टिसचा. हा रोग डोळकाडीतून (डोळे काढायच्या फांदीतून) आणि डोळे भरायच्या चाकूतून पसरतो, म्हणून मातृवृक्ष तपासलेले असतील अशाच ठिकाणाहून कलमं आण. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडे आधी चौकशी कर.

कोणी आंबट संत्र्याचा खुंट सुचवला तर ऐकू नकोस. डिंक्याला तो चांगला तोंड देतो, पण त्यावर मोसंबी किंवा संत्रं बांधलं आणि ट्रिस्टेझा आला की डोळा भरलेल्या सांध्याखालची अन्नवाहिनी मरते आणि मुळं उपाशी राहतात. १९३०च्या दशकापासून अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये या जोडीपायी लाखो झाडं गेली. तो विषाणू मावा पसरवतो, आणि मावा आपल्याकडे आहेच.

कागदी लिंबाचं गणित वेगळं. त्याच्या एका बीतून बरेचदा दोन-तीन रोपं निघतात, आणि त्यातली बहुतेक आईसारखीच असतात, म्हणून बियांची रोपं लावायची पद्धत आहे. उताराच्या, निचऱ्याच्या भागात तशी लाव. खालच्या अंगाला मात्र रंगपूरवरची कलमंच. खैऱ्या, म्हणजे पानांवर-फळांवर खरखरीत डाग पाडणारा रोग, त्याचा प्रश्न कुठल्याच खुंटाने सुटत नाही. तिथे जातच बघावी लागते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची 'साई शरबती' खैऱ्या आणि ट्रिस्टेझा दोन्ही बऱ्यापैकी सोसते.

रोप निवडताना सांधा जमिनीपासून निदान २२ ते २५ सेंटिमीटर वर हवा. चार इंचांवर डोळा भरलेलं रोप स्वस्त दिलं तरी सोड, पावसात चिखलाचे शिंतोडे थेट वरच्या सालीवर बसतात. एक पिशवी फाडून दाखवायला सांग. सोटमूळ आकड्यासारखं वळलेलं किंवा तळाशी गुंडाळलेलं असेल तर तो लॉटच घेऊ नकोस.

लावणी सपाटीवर करू नकोस. दीड फूट उंच गादी कर, अंतर ६ बाय ६ मीटर, आणि सांधा मातीत जाऊ देऊ नकोस. ठिबकच्या तोट्या खोडापासून लांब ठेव. सांध्याखालून येणारी फूट कोवळी असतानाच खुडायची, नाहीतर खुंटच वर जातो आणि दोन वर्षांनी मोसंबीऐवजी रंगपूरची नारिंगी, आंबट फळं लागतात.

पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लाव. १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादलीत, मग एकत्र करायचं. त्यात लोखंडी खिळा बुडव. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाल. तशीच लावलीस तर साल भाजेल.

घरी गॅलरीतल्या कुंडीतही एखादं झाड लावणार असशील तर ट्रायफोलिएट खुंट मिळाला तर छान, झाड आटोपशीर राहतं. त्याची फूट ओळखणंही सोपं, एका देठावर तीन पर्णिका. पण क्षार त्याला चालत नाहीत. महापालिकेचं पाणी ठीक आहे. सोसायटीच्या बोअरवेलचं खारट पाणी घालणार असशील तर तिथेही रंगपूरच.

मातीचा अहवाल आला की सामू, क्षारता आणि मुक्त चुना एवढे तीन आकडे मला कळव. आणि खड्डे मेमध्येच खणून तापू दे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश