‘होम’आधी ‘टू’ : अपवाद म्हणून पाठ करायला लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी इंग्रजी व्याकरणाचा रकाना येतो. तो मी नेमाने वाचते, कारण माझा धंदाच तसा आहे. नाशिकच्या सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, टायपिंगचं टेबल टाकून मला सत्तावीस वर्षं झाली. आधी मशीन होतं, आता कॉम्प्युटर आहे. प्रतिज्ञापत्रं, रजेचे अर्ज, लग्नानंतर नावात बदल, रहिवासी दाखला, असलं सगळं. लोक कच्चा कागद घेऊन येतात, मी पक्का करून देते. त्या कच्च्या कागदांवरून आपल्या माणसाचं इंग्रजी नेमकं कुठे अडतं ते दिसतं, आणि ते जवळजवळ नेहमी या चिमुकल्या शब्दांपाशीच अडतं: टू, इन, अ‍ॅट, ऑन, सिन्स, विथ.

मागच्या महिन्यात त्या रकान्यात चौकट होती. ‘होम या शब्दाआधी टू कधीच येत नाही. हा अपवाद आहे. पाठ करा.’ चौथ्या दिवशी ती चौकट माझ्या टेबलावर येऊन पोचली. पेठ तालुक्यातला एक मुलगा इथल्या वसतिगृहात राहतो, त्याला रजेचा अर्ज करून हवा होता. कागदावर त्याने आधी लिहिलं होतं, ‘आय वॉन्ट टू गो टू माय होम’. बरोबर होतं. मग दुसऱ्या ‘टू’वर निळ्या पेनाची आडवी रेघ. राहिलं ‘आय वॉन्ट टू गो माय होम’. म्हटलं, अरे, हे का खोडलंस? तर म्हणाला, “मावशी, पेपरात आलंय, होमला टू लागत नाही.” नशीब, पहिला ‘टू’ वाचला.

मी त्याला विचारलं, आईला फोनवर काय सांगतोस, ‘घराला येतो’? हसला. “घरी येतो.” का रे? घराला कुलूप लावतो, घराला रंग देतो, मग जाताना ‘घरी’ का? त्याला सांगता येईना, पण चूक मात्र तो जन्मात करणार नाही. ‘घरी’मधल्या त्या ‘ई’तच जाण्याची दिशा आणि राहण्याची जागा, दोन्ही मुरलेली आहेत, वर आणखी ‘ला’ लावायची गरजच नाही. इंग्रजीतल्या ‘गो होम’चीही गोष्ट अशीच आहे. जुन्या इंग्रजीत ‘होम’चं पूर्वरूप नुसतं द्वितीयेत ठेवलं की ‘त्या दिशेने’ असा अर्थ निघायचा. तेच रूप आजवर टिकून राहिलं आणि क्रियाविशेषण होऊन बसलं. याला अपवाद कसं म्हणायचं?

आता कोणी म्हणेल, मराठीत ‘माझ्या घरी’ म्हटलं तरी ‘घरी’ तसंच राहतं, मग इंग्रजीत ‘माय’ आलं की ‘टू’ का परत येतो? बरोबर आहे, इथे दोन्ही भाषांच्या वाटा वेगळ्या होतात. त्या मुलाला मी एक युक्ती सांगितली. ‘होम’च्या जागी ‘देअर’ घालून बघ. ‘गो देअर’ चालतं ना, मग ‘गो होम’ही चालेल. ‘गो माय देअर’ चालतं का? ‘माझा तिकडे’ कोणी म्हणत नाही. मिनिटभर कागदाकडे बघून तो म्हणाला, “म्हणजे मावशी, माझं आलं की ते नाम झालं.” मला त्याच्याइतकं थोडक्यात सांगता आलं नसतं. शिवाय ‘टू कधीच येत नाही’ हेही खरं नाही. ‘क्लोज टू होम’ म्हणतातच. आणि ‘टू’च काय, ‘फ्रॉम’ही येतं: ‘वर्क फ्रॉम होम’ तर २०२० पासून आमच्या आळीतल्या आजीबाईही म्हणतात.

खरी गोम अशी की एकच शब्द दोन कामं करतो, आणि हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. ‘वर जा’ यातलं ‘वर’ क्रियाविशेषण, ‘माडीवर जा’ यातलं शब्दयोगी. ‘कम इन’ आणि ‘इन द हाउस’ यांत वेगळं काय आहे? माझी लेक इंग्रजी घेऊन एम.ए. करते. तिच्याकडून कळलं की डेन्मार्कचे भाषापंडित ओटो येस्पर्सन यांनी १९२४ सालीच हे मांडून ठेवलंय: काही क्रियापदं कर्म घेतात आणि कधी कर्माशिवायही चालतात, म्हणून आपण त्यांच्या दोन जाती करत नाही, मग ‘इन’सारख्या शब्दांच्या का करायच्या? २००२ साली केंब्रिजहून निघालेल्या इंग्रजीच्या जाडजूड व्याकरणाने तर ‘हिअर’ आणि ‘होम’ यांना थेट प्रीपोझिशनांतच बसवलं. एमपीएससीच्या पोरांना हे सगळं सांगा असं माझं म्हणणं नाही. पण जिथे मोठमोठे पंडित खाती बदलतात तिथे आपण ‘कधीच’ हा शब्द जरा जपून वापरावा.

माझ्या धंद्यातली एक गंमत सांगते. कोर्टाच्या इंग्रजीत ‘देअरऑफ’, ‘देअरइन’, ‘व्हेअरबाय’, ‘हिअरइनआफ्टर’ हे शब्द पानोपानी असतात. नवीन पोरं त्यांना घाबरतात. मी त्यांना तोडून दाखवते. देअर-ऑफ म्हणजे त्या-चा, देअर-इन म्हणजे त्या-त, व्हेअर-बाय म्हणजे ज्या-ने. आधी ‘तिथे’, मग त्याला चिकटून ‘चा’ किंवा ‘त’. म्हणजे इथे इंग्रजी आपल्यासारखीच मागून जोडते! प्रीपोझिशन म्हणजे आधी येणारा शब्द, असं नाव मिरवणारी भाषा जुन्या दस्तांत चक्क शब्दयोगी वापरते. मराठी मसुद्यातलं आपलं ‘यात यापुढे’ म्हणजे ‘हिअरइनआफ्टर’ तुकड्याला तुकडा. हे एकदा दिसलं की घाबरायला काही उरत नाही, फक्त स्पेलिंग सांभाळायचं.

आता ज्या चुका मी रोज दुरुस्त करते त्या बघा. ‘आय रिक्वेस्ट टू यू’, ‘वॉन्ट टू डिस्कस अबाउट अ‍ॅडमिशन’, ‘गॉट मॅरीड विथ’. तिन्हींच्या मागे मराठी उभी आहे आणि तिचं काही चुकलेलं नाही. आपल्याकडे ही क्रियापदं म्हणजे नाम अधिक ‘करणे’. विनंती करणे, चर्चा करणे, लग्न करणे. त्या नामाला आपला सोबती लागतो: साहेबांना विनंती, प्रवेशाविषयी चर्चा, अमक्याशी लग्न. इंग्रजीत ‘डिस्कस’च्या पोटात चर्चा आधीच गेलेली आहे, म्हणून ‘अबाउट’ उपाशी राहतं. ‘हॅड अ डिस्कशन अबाउट’ म्हणा, नाम बाहेर आलं की ‘अबाउट’ला लगेच जागा मिळते. ‘रिक्वेस्ट’चंही तेच, ‘माय रिक्वेस्ट टू यू’ अगदी ठीक. ‘मॅरीड टू’ मात्र यात बसत नाही, ते तसंच लक्षात ठेवायचं. सगळ्या कुलपांना एकच किल्ली चालते असं मी म्हणतच नाही.

‘सिन्स’चा मला आलेला अनुभव वेगळाच. रहिवासी दाखल्याच्या प्रतिज्ञापत्रात लोक ‘सिन्स फिफ्टीन इयर्स’ लिहून आणतात, कारण ‘पंधरा वर्षांपासून’ आणि ‘२००९ पासून’ यांना आपल्याकडे एकच ‘पासून’. पण ‘पंधरा वर्षं इथे राहतो’ असंही आपण म्हणतोच. तेच ‘फॉर फिफ्टीन इयर्स’. मी एकदा तसं दुरुस्त करून दिलं, तर एका कचेरीतून कागद परत आला. छापील नमुन्यात ‘सिन्स’ आहे म्हणून ‘सिन्स’च हवं! पक्षकार ताटकळत उभा, सुट्टी टाकून आलेला. काय करणार, घातलं ‘सिन्स’.

आणि तो इन-अ‍ॅटचा नियम. आपल्या रकान्यात जूनमध्ये छापला होता: मोठ्या शहराला ‘इन’, लहान गावाला ‘अ‍ॅट’. आम्हीही शाळेत हेच घोकलं. मग आमचं नाशिक कुठल्या खात्यात? विमान दुबईला उतरलं तरी इंग्रजीत ते ‘अ‍ॅट दुबई’ असू शकतं, आणि वाडीवस्तीवर राहणारा माणूस ‘इन अ स्मॉल व्हिलेज’च राहतो. गावाच्या आकाराशी याचा संबंध नाही. तुम्ही त्या जागेला नकाशावरचा ठिपका मानता की आत शिरण्याजोगी जागा, यावर सगळं आहे. गाडी मनमाडला थांबते, मामा मनमाडमध्ये राहतात. आपण पंचवटीत राहतो, नाशिकरोडला उतरतो, मुंबई नाक्यावर भेटतो, गोदाकाठी बसतो. एवढे बारकावे घेऊन मूल शाळेत येतं आणि आपण त्याच्या हातात लोकसंख्येचा नियम देतो. (‘अ‍ॅट’ला ‘ला’ आणि ‘इन’ला ‘मध्ये’ असं मात्र लगेच छापू नका, नाहीतर आणखी कोणी पेन घेऊन रेघा ओढेल.)

तेव्हा विनंती अशी, की ती ‘होम’ची चौकट दुरुस्त करून त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावी. माझ्याकडे येणारी मुलं चौकटच वाचतात, खालचा मजकूर वाचत नाहीत.

जाता जाता आणखी एक. रकान्याच्या तळाला दर वेळी इंग्रजीत ओळ असते, ‘टू बी कंटिन्यूड ऑन नेक्स्ट संडे’. नुसत्या ‘संडे’ला ‘ऑन’ हवं, पण ‘नेक्स्ट’ आलं की ते जातं. ‘होम’ला ‘माय’ लागलं की ‘टू’ परत येतो आणि ‘संडे’ला ‘नेक्स्ट’ लागलं की ‘ऑन’ निघून जातं, हे सोमवारी तो पेठचा मुलगा आला की मला त्याला समजवायचं आहे. मुलगा हुशार आहे, तळाची ओळ त्यानेही वाचली असणार.

आपली,
एक टंकलेखिका
सीबीएस परिसर, नाशिक