अरेलियाला आता जागेवर राहू दे

जळगाव
१८ मे

प्रिय बापू,

बरं शे ना? परवा फोनवर तुझ्या कुंडीतल्या त्या शोभेच्या झाडाची, अरेलियाची, पानं का गळतात ते सांगत होतो, तर तू अर्धं ऐकलंस आणि उरलेल्या अर्ध्यात वहिनींनी फोन घेतला, म्हणून लिहूनच पाठवतो. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

तुझे फोटो चार वेळा पाहिले. जानेवारीत पुण्याहून आणलीस तेव्हा ती अरेलिया दिवाणखान्यात होती. फेब्रुवारीत गॅलरीत. होळीनंतर परत आत, टीव्हीशेजारी. आता बेडरूममध्ये, एसीच्या बरोबर खाली. प्रत्येक वेळी पानं गळली म्हणून तू जागा बदललीस आणि जागा बदलली म्हणून पुन्हा पानं गळली. अरे, या झाडाचा स्वभावच तसा आहे. उजेड बदलला, वारा बदलला की ते आधी पानं टाकतं, मग नव्या जागेच्या हिशेबानं नवी पानं काढतं. त्याला महिना-दीड महिना लागतो. तू दर महिन्याला त्याचं बिऱ्हाड हलवतोस, मग ते पानं काढणार कधी?

वहिनी म्हणाल्या, ‘हे झाड आपल्याला लाभत नाही.’ तसं काही नाही. आधी एक कर. खोडावर नखानं बारीक ओरखडा काढ. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी, कोरडं निघालं तर थोडं खाली ओरखडून बघ. बऱ्याचदा शेंडा वाळतो आणि बुंधा जिवंत असतो.

ते मूळचं समुद्राकाठच्या दमट बेटांकडचं झाड, आणि आपण त्याला भुसावळच्या मे महिन्यात आणून बसवलंय. पण तुला हे नवीन नाही. केळीच्या बागेभोवती तुम्ही शेवरी का लावता? गरम वारा थेट पानांवर येऊ नये म्हणून. थंडीत केळीचे घड निसवताना, म्हणजे झाडातून बाहेर पडताना, अडकतात की नाही? अरेलियाही तशीच. पारा १५ अंशांच्या खाली गेला की ती रुसते, आणि आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत तो १० च्याही खाली जातो. म्हणजे तू आणलीस तोच महिना चुकीचा होता. यावलच्या शेतात तुला जे कळतं ते घरात शिरताना दाराबाहेर काढून ठेवतोस का?

आता जागा. पूर्वेची खिडकी, सकाळी आठ-साडेआठपर्यंतचं कोवळं ऊन, नंतर नुसता लख्ख उजेड. दुपारचं ऊन एक तासही नको, पानं भाजल्यासारखी पांढरट होतात. एसीचा झोत नको. कूलर खोलीत असला तर चांगलंच, हवेत ओल राहते, पण झाड झोताच्या बाजूला ठेव, समोर नको. एकदा ठेवलंस की पोळ्यापर्यंत हलवायचं नाही. फार तर आठवड्याला कुंडी थोडी फिरव, नाहीतर झाड खिडकीकडं वाकतं.

कूलरवरून माझा गाढवपणा आठवला, तो तुला सांगितलाच नव्हता. मागच्या उन्हाळ्यात कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मी रोज कुंड्यांना घालायचो. पाणी वाया का घालवायचं, असा हिशेब. बोअरचं पाणी आधीच जड, त्यातलं पाणी कूलरमध्ये उडून जातं आणि क्षार सगळे टाकीत उरतात. म्हणजे दिवसेंदिवस मी झाडांना मिठाचं पाणीच पाजत होतो. मातीवर पांढरा थर आला, तो मला खताचा वाटला! पानांची टोकं करपली, मग कडा, मग पानंच. पांढऱ्या कडेची माझी अरेलिया त्यातच गेली. आरओच्या नळीतून फेकलं जाणारं पाणीही तसलंच, तेही घालू नकोस. नळाचं घाल, आणि पावसाळ्यात गच्चीवर दोन बादल्या भरून ठेवशील तर सोन्याहून पिवळं. तुझ्या फोटोत कुंडीच्या काठाला पांढरं दिसतंय. वरची बोटभर माती खरवडून टाक. मग चांगलं पाणी हळूहळू इतकं ओत की कुंडीच्या तिप्पट-चौपट पाणी खालच्या भोकातून निघून जाईल. खालच्या ताटलीत एक थेंब ठेवू नकोस.

पण हे होणार कसं, तू तर शेतातली काळी माती भरली आहेस! कापसाला ती आई आहे, कुंडीत मात्र वैरीण. ओली झाली की फुगते आणि हवेला जागा ठेवत नाही. वाळली की आकसून कुंडीची भिंत सोडते, बारीक मुळं तोडते. मग तू वरून पाणी घालतोस ते कडेच्या फटीतून सरळ खाली जातं. तुला वाटतं झाड भरपूर प्यालं, आणि मधला गोळा कोरडा ठणठणीत. पोयटा (गाळाची माती), जुनं शेणखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडा विटांचा चुरा असं मिश्रण कर. पण आत्ता नको, या उन्हात मुळांना हात लावायचा नाही. मृग लागू दे, दोन पाऊस पडू देत. मुळं काढशील तेव्हा काळी, लिबलिबीत, वास येणारी असतील ती कापून टाक. कुंडी फार मोठी घेऊ नकोस, हिला अंगाबरोबर कुंडी आवडते. मोठ्या कुंडीत माती दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळं सडतात.

पाणी घड्याळ बघून घालू नकोस. मातीत दोन पेरं बोट घाल, कोरडं लागलं तरच. खालची पानं पिवळी, मऊ होऊन गळतात आणि माती ओली असते, तेव्हा पाणी जास्त झालंय. कुरकुरीत होऊन गळली तर कमी, किंवा हवा फार कोरडी. हिरवीच्या हिरवी गळली तर तुझं बिऱ्हाड हलवणं.

आणि त्या शेवटच्या फोटोतली पानं, ज्यांच्यावर धूळ बसल्यासारखं वाटतं? मला ती धूळ वाटत नाही. झाडाखाली पांढरा कागद धर आणि फांदीला टिचकी मार. कागदावरचे कण चालायला लागले तर तो लाल कोळी, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. कोरड्या उष्ण हवेत त्याचीच चैन असते. झाड बाथरूममध्ये नेऊन पानांच्या खालून जोरात पाणी मार (तेवढ्यासाठी हलवायला माझी परवानगी). मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार-पाच थेंब, आधी एका फांदीवर मारून बघ, दुसऱ्या दिवशी ठीक असेल तर सगळीकडं. दिवस मावळल्यावरच, उन्हात मारलंस तर पानं जळतील. अंडी मरत नाहीत म्हणून आठ-आठ दिवसांनी तीनदा. पानं चिकट लागली, मुंग्या चढल्या तर मग पिठ्या ढेकूण किंवा खवले शोध, ते कापसाच्या बोळ्यानं पुसून निघतात.

खत आत्ता अजिबात नको. आजारी माणसाला कोणी पुरणपोळी वाढतं का?

तुला मोबाईलवर दिसलेली ती हाताच्या पंजासारख्या पानांची जपानी अरेलिया मागवू नकोस. ती थंडाव्याची. भुसावळात आठवडाही काढणार नाही, आणि मग मला फोन येणार.

छाटणी करताना चीक हाताला लागतो, काहींना खाज येते. हात धुऊन घे, आणि तुमचं मांजर पानं चावणार नाही एवढं बघ. छाटलेलं मात्र फेकू नकोस. पावसाळ्यात वीतभर जून फांदी, खालची पानं काढून, ओलसर मातीत खोचून वरून प्लास्टिकची पिशवी घातली की मुळं फुटतात. सगळ्याच नाही लागत, म्हणून पाच-सहा लाव.

त्यातल्या दोन माझ्यासाठी ठेव. तुझ्या झाडाच्या पानांची कड पांढरी आहे, माझी गेली तीही तशीच होती. भरताच्या वांग्यांच्या दिवसांत जळगावला येशील, तेव्हा घेऊन ये. एसटीत खिडकीशी धरू नकोस तेवढं.

वहिनींना नमस्कार.

तुझा
दिन्या