मनूस, सही करण्याआधी

सांगली, रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर म्हणालीस, "आई, तू फक्त झोपेचंच विचारतेस," आणि फोन ठेवलास. म्हणून आज कामाचंच लिहायला बसले आहे.

टेस्टिंग सोडून तू एसआरई, म्हणजे साइट रिलायबिलिटी इंजिनिअर, सिस्टिम चालती ठेवणारी होणार, हे बाबांना समजावून सांगितलं. त्यांच्या मते टीम लीडनंतर मॅनेजर, दुसरं काही नाही. म्हटलं, अहो, तिच्या क्षेत्रात दोन वाटा असतात. एक माणसं सांभाळण्याची आणि दुसरी कामातच वर चढण्याची: सीनियर, स्टाफ, प्रिन्सिपल. मग ते म्हणाले, "तर डेव्हलपर का होत नाही?" याचं उत्तर माझ्याकडे होतं. वाड्यात दिवे गेले की सगळी पोरं ओरडायची, तू मात्र आधी खिडकीशी जाऊन शेजारच्यांचे गेलेत का ते बघायचीस. आणि नाही गेले म्हटल्यावर थेट फ्यूजपाशी! ही सवय शिकवून येत नाही गं. आत्यांनाही सांगितलं, वरच्या काकूंनाही.

दिवाळीत तूच सांगितलं होतंस, कोड लिहिणाऱ्यांना रोज नवं काही चढवायचं असतं आणि सिस्टिम चालती ठेवणाऱ्यांना काहीच बदलायला नको असतं, त्यातून भांडणं. २००३ मध्ये गूगलनं ते सांभाळायचं कामही कोड लिहिणाऱ्यांच्याच हाती दिलं, तिथून हे पद आलं. मला ते फार पटलं. पण मनू, ऑन-कॉलचा, म्हणजे बिघाड झाला की येणारा फोन रात्री दोनलाही वाजणार ना?

मी आयुष्यभर नाइट ड्यूटी केली. रात्रीनं कधी दमवलं नाही. दमवलं ते सकाळी रिलीव्हर न आल्यानं. चार्ज द्यायला माणूसच नसेल तर ड्यूटी संपतच नाही, आणि तिसऱ्या दिवशी औषधाच्या बाटलीवरचं लेबल दोनदा वाचावं लागतं.

म्हणून सही करण्याआधी रोटेशनमध्ये, म्हणजे त्या फोनच्या पाळीत, किती जण आहेत ते विचार. गूगलचा हिशेब असा, की टीम एकाच ठिकाणी असेल आणि पाळी आठवड्याची असेल तर किमान ८ माणसं हवीत. तू चार म्हणालीस. दर आठवड्याला एक मुख्य आणि एक त्याच्या मागे धरला, तर महिन्यातले दोन आठवडे फोन तुझ्या उशाशी. बारा तासांत दोनपेक्षा जास्त बिघाड अंगावर येऊ नयेत, असंही ते म्हणतात. कारण नुसतं चालू करून भागत नाही. कारण शोधायचं, लिहून ठेवायचं, पुन्हा होऊ नये म्हणून दुरुस्त करायचं. हे सगळं अर्धवट झोपेत? रात्री उठलीस तर दुसऱ्या दिवशी सुट्टी देतात का, तेही विचार. लाजू नकोस.

१९ जुलै २०२४ आठव. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीचं एक अपडेट चुकलं आणि जगभर ८५ लाख विंडोज मशीन बसली. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले. चुकीची फाईल दीड तासाच्या आत मागे घेतली, पण बसलेली कितीतरी मशीन माणसांनी एकेक करून उठवली. अमेरिकेत तेव्हा मध्यरात्र होती. पेपरात रांगांचे फोटो आले. माझ्या मनात मात्र त्या मशीनपुढे बसलेली पोरं होती, जेवली तरी असतील का.

फार शिकवलं, राग मानू नकोस. तुला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. नको करूस असं मी म्हणतच नाही. बाबांनाही आता पटलंय, काल ते शिरीषला "साइट रिलायबिलिटी" असं नीट म्हणून दाखवत होते.

रोटेशनच्या तारखा हातात आल्या की कळव. त्या आठवड्यांत मी सकाळचा फोन करणार नाही, उठलीस की तूच कर. मेतकूट आत्यांबरोबर पाठवते आहे. आणि चार जणांचं काय म्हणाले ते नक्की कळव.

तुझी,
आई