गावभागातल्या त्या घराबद्दल

सांगली

प्रिय बंड्या,

तू म्हणालास म्हणून ते घर बघून आलो. आमच्या गल्लीतल्या निवृत्त सिव्हिल इंजिनिअर साहेबांनाही बरोबर नेलं. घर देखणं आहे, त्यात वाद नाही. नवा रंग, नवं पीओपी, सगळं चकाचक. पण इसार एवढ्यात देऊ नकोस लेका. आता कारणं ऐक.

एजंट दारातच म्हणाला, "२०१९ ला पाणी पायरीपर्यंत आलं अन् उतरलं." तेव्हा कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलेलं, धोक्याची पातळी ४५. एवढ्या पुरात याच पायरीची कृष्णामाईनं भीड धरली म्हणायची! साहेब काही बोलले नाहीत. मेन स्विच बंद करून त्यांनी हॉलमधल्या बोर्डाचे स्क्रू काढले. प्लेट पुढं ओढली तर आत डब्याच्या तळाशी वाळलेला गाळ. बारीक, पिठूळ, बोटाला चिकटणारा. बोर्ड माझ्या छातीएवढ्या उंचीवर! भिंत रंगवली, प्लेट नवी बसवली, आतला गाळ काढायचं मात्र कुणाला सुचलं नाही. एजंट फोन घ्यायला म्हणून बाहेर गेला तो बराच वेळ फिरकला नाही.

पुराचं मला एवढं काही वाटत नाही. २००५, २०१९, २०२१ बघितलेला माणूस आहे मी. खरी गोम छतात आहे. बाथरूमखालच्या खोलीत, पीओपीला लाइटसाठी पाडलेल्या भोकातून बॅटरी मारली तर स्लॅबचं काँक्रीट सुटलेलं, सळ्या उघड्या आणि तांबड्या. साहेबांनी एक ताजा टवका काढून तिथं फिनॉल्फ्थॅलीन हे तपासणीचं रसायन फवारलं. काँक्रीट धड असेल तर ते गर्द गुलाबी होतं. इथं सळईपर्यंत रंगच चढला नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं काँक्रीटमधला, सळईला जपणारा अल्क (क्षारपणा) मरतो, मग सळई गंजते, फुगते आणि खालचा थर ढकलून पाडते. नुसतं प्लास्टर मारून ते थांबत नाही.

बाकी किरकोळ म्हण हवं तर: खिडकीच्या कोपऱ्यातून गेलेली तिरकी चीर पुट्टीनं बुजवलेली, अर्थिंगचा पत्ता नाही, कपाटामागं ओलीनं भिंतीवर फुललेला लोणा.

मालकाला ठाऊक असलेला आणि सहज न दिसणारा मोठा दोष त्यानं खरेदीदाराला सांगायला हवा, असं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं. पण खरेदीखत झाल्यावर कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार कोण, तू? आणि रेरा, म्हणजे बिल्डरांसाठीच्या कायद्यातली, बांधकामातल्या दोषांची पाच वर्षांची जबाबदारी बिल्डरवर असते. ती या जुन्या घराला लागू नाही.

तरी मन तिथंच अडकलं असेल, तर दोन कामं आधी कर. महापालिकेत पूररेषेचा नकाशा बघ; घर त्यातल्या निळ्या रेषेच्या आत, म्हणजे नदीकडच्या मनाईच्या पट्ट्यात निघालं तर पुढं नवं बांधकाम विसर. आणि स्लॅबच्या दुरुस्तीचं एस्टिमेट लेखी घेऊन ती रक्कम भावातून कापायला सांग. साहेब एस्टिमेट करून देतो म्हणालेत. त्यांची फी तू द्यायचीस, मी नाही.

एजंटचा फोन आला तर माझं नाव सांग. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अण्णा