सगळी मदार एकाच बॉक्सरवर नको

महोदय,

माझा मुलगा व्यावसायिक बॉक्सिंग खेळतो. गेल्या वर्षी मुख्य लढतीतला नामांकित बॉक्सर जखमी झाला आणि आयोजकांनी अख्खा कार्यक्रमच रद्द केला. लढतीच्या वजनगटात बसण्यासाठी मुलगा आठ दिवस वजन उतरवत होता. शेवटी तर पाण्याचेही घोट मोजून. हाताला गुंडाळायच्या पट्ट्या धुऊन दोरीवर वाळत होत्या, तेवढ्यात फोन आला. मानधन दूरच, प्रवासखर्चही मिळाला नाही.

नावाजलेल्या खेळाडूभोवती लढती भरवणारी कंपनी उभी राहणे गैर नाही. २०१६ मध्ये दिल्लीत आणि २०१७ मध्ये वरळीला लढती पाहायला लोक आले ते बॉक्सर विजेंदर सिंगसाठीच. पण अमेरिकी बॉक्सर ऑस्कर डी ला होयाची ‘गोल्डन बॉय’ कंपनी तो २००९ मध्ये निवृत्त झाल्यावरही टिकली, कारण तिने इतर बॉक्सरांशीही करार केले होते. पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, बालेवाडीचे संकुल आहे, जिद्दीची पोरे आहेत. इथे कोणी अशी कंपनी काढणार असेल, तर लढत रद्द झाल्यास द्यायचे किमान मानधन आणि वैद्यकीय विमा आधी करारात लिहावा. मुख्य लढत मोडली तरी बाकीच्या लढती झाल्याच पाहिजेत.

– एका बॉक्सरचे वडील, खडकी, पुणे