केशरी पट्ट्याचं पिंप

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय सुन्या,

तुझं पत्र येऊन महिना झाला, शिव्या घातल्या असशील. शेजारच्या म्हाताऱ्याच्या कागदपत्रांत अडकलो होतो. तोच, परसात टोमॅटो लावणारा. मूत्राशयाचा कॅन्सर आहे. 1968 साली व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैन्यात होता. त्याला आता नीट दिसत नाही, म्हणून माजी सैनिकांच्या भरपाईचा सरकारी फॉर्म भरायला मी.

रोगाचं मूळ म्हणे एजंट ऑरेंज, तिथल्या युद्धात फवारलेलं तणनाशक. नाव आपण नुसतं ऐकलेलं. औषध काही नारिंगी नव्हतं रे, पिंपावर केशरी पट्टा असायचा एवढंच. 1962 ते 1971 अमेरिकेनं तिथल्या जंगलांवर आणि भातशेतावर विमानांतून सात कोटी लिटरच्या वर तणनाशकं ओतली. त्यातलं निम्म्याहून जास्त हेच. झाडोरा गेला की शत्रू उघडा पडेल, हा हिशोब. म्हातारा सांगतो, रिकामी पिंपं उभी कापून त्यात मांस भाजायचो, उरलेल्यांत पाणी भरून आंघोळी करायचो. कुणी काही बोललं नव्हतं.

त्यात दोन औषधं निम्मी निम्मी होती: टू-फोर-डी आणि टू-फोर-फाइव्ह-टी. हो, तू उसात मारतोस तेच टू-फोर-डी! लगेच घाबरू नकोस. खरी गोम दुसऱ्यात. ते तयार करताना त्यात डायॉक्सिन नावाचं विष उतरायचं, आणि त्यातलं सगळ्यात जहाल टीसीडीडी हे 1997 पासून पक्कं कर्करोगकारक मानतात. तरी गड्याला हातमोजे दे, आणि वाऱ्याच्या तोंडावर फवारू नको म्हणावं.

मला प्रश्न पडला, पन्नास वर्षांपूर्वी अंगावर काय पडलं याचा पुरावा आणायचा कुठून? तर तो लागतच नाही. 1991 च्या कायद्यानं धोरण असं ठरलं की, ठरलेल्या काळात तिथं होतास आणि यादीतला रोग झाला, तर संबंध गृहीत. घोडं अडलं होतं यादीपाशी. मूत्राशयाचा कॅन्सर त्यात आला 2021 मध्ये. याचा पहिला अर्ज त्याआधीच फेटाळला गेला होता, आणि त्यानंतर त्यानं विषयच सोडला. या वेळी बायकोनं धरून बसवलं. सैन्यातून सुटल्याचा कागद तिला बिस्किटांच्या डब्यात सापडला.

व्हिएतनाममधल्या अमेरिकन नौदलाचा प्रमुख ॲडमिरल झुमवॉल्ट, त्याची गोष्ट म्हाताऱ्यानंच सांगितली. नदीकाठ फवारायचा हुकूम झुमवॉल्टचा, आणि त्याच पाण्यात गस्ती बोटीवर त्याचा मुलगा. मुलगा 1988 मध्ये कॅन्सरनं गेला, बेचाळिसाव्या वर्षी. बापाला वाटायचं, याला फवारणीच कारण. तरी म्हणायचा, सैनिक वाचवायला तोच हुकूम पुन्हा दिला असता. यावर काय बोलावं, मला अजून सुचत नाही.

आणि ज्यांच्या शेतावर हे पडलं ते? अमेरिकन सैनिकांना हे औषध बनवणाऱ्या कंपन्यांनी 1984 मध्ये 18 कोटी डॉलर दिले. व्हिएतनामी लोकांचा दावा इथल्या कोर्टानं 2005 मध्ये काढून टाकला. हे मी म्हाताऱ्याला विचारलं. तो बराच वेळ टोमॅटोची रोपं बांधत राहिला, मग म्हणाला, 'त्यांना फॉर्मच नाही.'

मंगळवारी अर्ज टाकला. उत्तर आलं की कळवतो. वहिनींना नमस्कार, दादांच्या गुडघ्याचं काय झालं ते लिही.

तुझा,
अव्या